वामनदादांचे गीत : कृतज्ञतेकडून हिशोबाकडे

वामनदादा कर्डक यांची जन्मशताब्दी २०२२ साली झाली. त्या निमित्ताने नांदेडला आणि लातूरला जे कार्यक्रम झाले, त्यांतल्या काहींना मी हजर होते. गाणी झाली, भाषणे झाली, आणि भाषणांनंतरच्या चहात एक वाद हमखास निघाला. वामनदादांच्या प्रतिभेचा खरा बहर कोणत्या काळातला?

या वादात तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष वयाने ज्येष्ठ असलेल्यांचा. त्यांच्या मते १९४३ ते १९५६ हाच वामनदादांचा सुवर्णकाळ. बाबासाहेब हयात होते आणि गीताला समोरच तेजाचा उगम होता. दुसरा पक्ष महापरिनिर्वाणानंतरच्या पंधरा-वीस वर्षांना श्रेष्ठ मानतो. तिसरा पक्ष आम्हा मराठवाड्यातल्यांचा. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर नांदेड-परभणीकडच्या वस्त्या पेटल्या, टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत जे गीत आमच्याबरोबर चालले तेच खरे, असे हा पक्ष म्हणतो.

हा वाद रिकामटेकड्यांचा आहे असे मला वाटत नाही. ज्या काळाला आपण श्रेष्ठ ठरवू त्याच काळातली गीते निवडक संग्रहांत जातील, अभ्यासक्रमात जातील, व्यासपीठावर गायली जातील. उरलेली १४ एप्रिलच्या डीजेच्या ताब्यात राहतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आवडीनिवडीवर सोडून चालणार नाही. त्याला निकष हवा.

पण निकष शोधू लागलो की पहिलीच अडचण उभी राहते ती तारखांची. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करीत असताना मोठ्या वयात अक्षरे शिकला. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता आले नाही, त्या शरमेतून तो शिक्षणाकडे वळला आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत साक्षर झाला. पहिले गीत त्याने १९४३ साली रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. त्याचे संग्रह मात्र ‘वाटचाल’ १९७३, ‘मोहळ’ १९७६ आणि ‘हे गीत वामनाचे’ १९७७ असे आले. म्हणजे पहिल्या गीतापासून पहिल्या पुस्तकापर्यंत तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत गीत वहीत होते, त्याहून अधिक लोकांच्या तोंडात होते. गाणारा बदलला की एखादे कडवे गळे, एखादे पुढेमागे होई. छापलेल्या सालावरून कालखंड पाडणाऱ्या समीक्षेला येथे पाय ठेवायला जागा नाही.

आणि त्या समीक्षेने पाय ठेवायचा प्रयत्न तरी कुठे केला? १९७२ साली ‘गोलपिठा’ आला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी ‘वाटचाल’ आले. ‘गोलपिठा’ची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. ‘वाटचाल’च्या वाट्याला तसे काही आले नाही. याचा दोष केवळ प्रस्थापित पांढरपेशा अभिरुचीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आपल्यातल्याही अनेकांनी मुक्तछंदाला विद्रोहाची खूण मानले आणि यमक, चाल, ढोलकी यांना प्रचाराचे साधन. गीत मोर्चासाठी आणि कविता वाङ्मयासाठी, अशी वाटणी आपणही निमूटपणे मान्य केली.

या आरोपात मी स्वतःही आहे. एम.ए.ला असताना मी आंबेडकरी गीतांवर एक निबंध लिहिला होता. महाविद्यालयात नुकतीच शिकलेली परिभाषा हाताशी होती. अनुभवाची पृथगात्मता, प्रतिमांची संपृक्तता, असे मोठमोठे शब्द वापरून मी वामनदादांच्या उत्तरकालीन गीतांना ‘पुनरुक्त आणि प्रचारकी’ ठरवले. निबंधाला गुण चांगले मिळाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्या आनंदात सुट्टीत गावी, मुखेडकडे, गेले आणि मायला त्याचा सारांश सांगितला.

माय निरक्षर. ती अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात चौदा-पंधरा वर्षांची होती. त्या दिवसांत तिच्या घरच्यांना वस्ती सोडून नातेवाइकांकडे राहावे लागले होते. रात्री दिवा न लावता बाया एकत्र बसत आणि हलक्या आवाजात गाणी म्हणत, एवढेच ती त्याविषयी सांगते. माझे सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “ते गाणं कवाचं हाय, म्या काय सांगू? पर काही गाणी बाबासायबाला हात जोडत्यात, अन् काही गाणी आपल्यालाच इचारत्यात. हात जोडायला सोपं असतंय. इचारलं की झोप येत नाही.”

जो निकष मी पुस्तकांत शोधत होते, तो हाच आहे असे आज मला वाटते. गीत कोणत्या साली रचले हे विचारण्यापेक्षा ते कुणाशी बोलते आणि त्याच्याकडे काय मागते, हे विचारले पाहिजे.

या दृष्टीने वामनदादांची सर्वांना पाठ असलेली तीन गीते पाहू. एका गीतात बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधी कुळांचा उद्धार झाल्याचे सांगितले आहे. दुसऱ्यात बड्या उद्योगपती घराण्यांची नावे घेऊन, या धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारले आहे. तिसऱ्यात बाबासाहेबांच्या मताची अवघी पाच माणसे असती तरी चित्र किती वेगळे दिसले असते, असा हिशोब मांडला आहे.

पहिले गीत कृतज्ञतेचे. त्यात बाबासाहेब ‘तू’ आहेत, जसा घरातला वडीलधारा किंवा पंढरीचा देव ‘तू’ असतो तसे. या गीताची थोरवी मी नाकारत नाही. ज्यांना स्वतःच्या जन्माची लाज बाळगायला शिकवले गेले, त्यांनी एका जन्माचे गाणे गावे, हीच मोठी गोष्ट. पण हे गीत ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही. उद्धार होऊन गेला आहे, आपण फक्त त्याचे ऋण मानायचे.

दुसऱ्या गीतात बोलण्याचा रोख बदलतो. समोर आता व्यवस्था आहे. ‘वाटा’ हा शब्द येथे पाहण्यासारखा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली विषमता हा शब्द माझ्या मायला कळणार नाही. पण खळ्यावर रास होताना कुणाच्या पदरात किती पडते आणि कुणाला सुपातले झटकून मिळते, हे तिने जन्मभर पाहिले आहे. वामनदादांनी खळ्यावरचा शब्द उचलला आणि कारखानदाराच्या तिजोरीसमोर नेऊन ठेवला. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात जी मागणी जमिनीची होती, तीच येथे सगळ्या राष्ट्रीय संपत्तीची झाली आहे.

तिसऱ्या गीतात तर विलक्षण गोष्ट घडते. बोलणे पुन्हा बाबासाहेबांशीच आहे, पुन्हा ‘तू’च आहे, परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत आपण. वाणीत भीम आणि करणीत काय, हा त्याचा प्रश्न. आणि संख्या पाहा. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि पुढे त्याची शकले होत गेली. प्रत्येक गट आपल्यामागे लाखोंचा जनसमुदाय असल्याचे सांगत राहिला. हा शाहीर मात्र पाच माणसे मागतो. हात जोडण्याचा घाट तोच ठेवून त्याच्या आत जाब भरण्याचे हे सामर्थ्य प्रचारकाचे असू शकत नाही.

हे तिसरे गीत बाबासाहेब हयात असताना संभवत नाही. तोवर जाब विचारायला आणि उत्तर द्यायला ते स्वतः समर्थ होते. त्या काळात गीत सभेच्या पुढे चालत होते. भीमराव कर्डकांच्या जलशाची वाट तयार होती आणि वामनदादा त्या वाटेवर सोपी भाषा, ओळखीची चाल, श्रोत्याच्या श्वासाइतकी ओळ हे सारे शिकत होते. ती शिदोरी नसती तर पुढचे काहीच झाले नसते, एवढे पहिल्या पक्षाला मान्य केले पाहिजे. परंतु ६ डिसेंबर १९५६ नंतर उत्तर देणारा राहिला नाही. तेव्हा काही गीते रडली, काही आरती होऊन बसली, आणि मोजक्या गीतांनी समाजाला विचारण्याचे काम आपल्या अंगावर घेतले. वामनदादांचे शिखर मला तेथे दिसते.

आमच्या नामांतरवादी मित्रांना हे पटणार नाही. त्यांना एवढेच सांगते की अठ्ठ्याहत्तर साली जे गीत कामाला आले ते त्या वर्षीच रचलेले असायला हवे होते, असे नाही. बायांनी अंधारात म्हटलेली गाणी कधीची होती हे माय सांगू शकत नाही, आणि तिला त्याची गरजही वाटली नाही. आधी तयार झालेले गीत संकटाच्या वेळी पुरले, यातच त्याची कसोटी झाली. उत्तरकालीन रचनांत पुनरुक्ती आहे, हे माझ्या जुन्या निबंधातले एक विधान मी आजही मागे घेणार नाही. माझी चूक वेगळी होती. मी पुनरुक्ती मोजली आणि जाब ऐकला नाही.

हा धोका आज वाढला आहे. ऐंशीच्या दशकात ध्वनिफिती आल्या, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांच्या आवाजात भीमगीत घरोघर गेले, हे भलेच झाले. पण आता मिरवणुकीत ध्रुवपद वाजते, कडवे वाजत नाही. कृतज्ञता ध्रुवपदात मावते. हिशोबाला कडवी लागतात. माझे लातूरचे विद्यार्थी बारावीच्या शिकवण्यांच्या गर्दीतून वर आलेले आहेत, हुशार आहेत. त्यांना पाच माणसांच्या त्या गीताची चाल येते, शेवटचे कडवे येत नाही.

म्हणून यंदा मी त्यांना एक काम दिले आहे. घरी जायचे, आईला किंवा आजीला पाठ असलेली वामनदादांची गीते सगळ्या कडव्यांसह उतरवून आणायची, आणि प्रत्येक गीताखाली दोन ओळी लिहायच्या : हे गीत कुणाशी बोलते, आणि माझ्याकडे काय मागते. पहिल्या आठवड्यात अकरा वह्या आल्या. त्यांतल्या तीन वह्यांत दुसऱ्या प्रश्नाखालची जागा कोरी आहे. त्या तीन विद्यार्थ्यांशी मला आधी बोलायचे आहे.