लैंगिक ताठरता दोष : उपचार-प्रतिसादाच्या गुणांकनाची चिकित्सा

प्रस्तावना : पुरुषांतील लैंगिक ताठरता दोषावरील उपचार कितपत लागू पडला, हे ठरविताना रुग्णाचे कथन हाच मुख्य आधार असतो. या कथनाला संख्यारूप देणारी ‘इंटरनॅशनल इंडेक्स ऑफ इरेक्टाइल फंक्शन’ ही १५ प्रश्नांची प्रश्नावली रेमंड रोझेन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे औषधचाचण्यांत ती प्रमाण मोजपट्टी म्हणून रूढ झाली. तिची उपयुक्तता वादातीत आहे; तथापि तिच्या गुणांचा अर्थ लावताना दोन ठिकाणी गफलत संभवते.

शून्याचा अर्थ : ताठरतेविषयीच्या ६ प्रश्नांचे एकूण गुण १ ते ३० असतात. २६ वा अधिक गुण म्हणजे दोष नाही. १० वा कमी म्हणजे तीव्र दोष. प्रश्न मागील चार आठवड्यांपुरते असतात आणि त्यांपैकी पाच प्रश्नांत क्रिया वा प्रयत्नच न घडल्यास शून्य गुण मिळतो. आजारपण वा जोडीदाराची अनुपस्थिती यांमुळे या काळात कोणतीही लैंगिक क्रिया न घडलेल्या पुरुषाने आत्मविश्वासाच्या प्रश्नाला पूर्ण ५ गुण दिले, तरी त्याची बेरीज ५ एवढीच भरते आणि तो तीव्र दोषाच्या गटात जातो. येथे संधीचा अभाव हा क्षमतेचा अभाव ठरतो. पुढील तपासणीपूर्वी परिस्थिती पालटली, तर वाढलेल्या गुणांचे श्रेय औषधाला जाते.

प्रतिसादाची सीमारेषा : रोझेन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अर्थपूर्ण सुधारणेसाठी सरसकट ४ गुणांची वाढ सुचविली, तीव्रतेनुसार मात्र सौम्य दोषात २, मध्यम दोषात ५ व तीव्र दोषात ७ गुणांची. ८ वरून १३ गुणांवर आलेला रुग्ण पहिल्या निकषाने ‘प्रतिसाद देणारा’, तर दुसऱ्याने ‘प्रतिसाद न देणारा’ ठरतो. शिवाय १३ गुण म्हणजे अद्यापही मध्यम दोषच. उपचार चालू ठेवावा की बदलावा, हा निर्णय केवळ आकड्यावर सोपविता येत नाही, तो यामुळेच.

जोडीदाराचे मतही या बेरजेत येत नाही. उपचाराविषयीचे समाधान मोजणाऱ्या १९९९ च्या ‘एडिट्स’ या प्रश्नावलीने रुग्णासोबत जोडीदारासाठीही स्वतंत्र प्रश्न ठेवून ही उणीव काही अंशी भरून काढली.

निष्कर्ष : गुणांकन त्याज्य नाही, परंतु ते अपुरे आहे. प्रत्येक शून्यामागील कारणाची नोंद, प्रारंभीच्या तीव्रतेनुसार लावलेला निकष आणि रुग्ण व जोडीदार यांच्या अपेक्षांची विचारणा यांची जोड मिळाल्यासच गुणांतील वाढीला उपचाराचा प्रतिसाद म्हणणे न्याय्य ठरेल.