जीज बेंडच्या वाकळा आणि आपली समीक्षा

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी दलित साहित्याचे असलेले नाते आता नव्याने सिद्ध करावे असे राहिलेले नाही. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चेत रुळून गेली. पण या देवघेवीत एक वस्तू आपल्याकडे आलीच नाही. ती म्हणजे काळ्या स्त्रियांनी शिवलेली वाकळ. अमेरिकेत तिला क्विल्ट म्हणतात. मी येथे वाकळच म्हणणार आहे.

ती का आली नाही? साहित्य म्हणजे छापलेले, कला म्हणजे चौकटीत बसवलेले, ही व्याख्या आपण प्रस्थापितांकडून तपासून न पाहता उचलली. अलाबामा राज्यात १८३२ च्या कायद्याने गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवणे हा गुन्हा ठरवला होता. मग ज्या स्त्रियांच्या हाती लेखणी येऊच दिली नाही, त्यांच्या निर्मितीचा शोध कोठे घ्यायचा? हा प्रश्न आपण विचारला नाही. मी इंग्रजी साहित्य शिकवते. मीही तो विचारला नव्हता.

अलाबामातील विलकॉक्स काउंटीत अलाबामा नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या जमीनदाराने तेथे कापसाचा मळा वसवला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे याच्याकडे गेला. नव्या मालकाने नॉर्थ कॅरोलायनातून शंभरएक गुलाम आणले, तेही पायी चालवत. वस्तीतील बहुतेकांचे आडनाव आजही पेटवे आहे. मालकाचे आडनाव गुलामाच्या कपाळी राहिले. गुलामगिरी गेली, वाटेकरीपण आले. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी मेला आणि त्याच्या विधवेने वसुली काढली. साठएक कुटुंबांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य सगळे ओढून नेले. पुढे सरकारने ती जमीन विकत घेऊन घरे बांधली आणि कुटुंबांना विकली. त्यामुळे या लोकांना थोडी स्वतःची जमीन मिळाली, आणि थोडी मानही वर करता आली. १९६० नंतर ते मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न करू लागले. लगेच १९६२ मध्ये नदीपलीकडच्या कॅम्डनला नेणारी तरफ बंद झाली. नदी ओलांडण्याऐवजी चाळीस मैलांचा वळसा घ्यावा लागू लागला. तरफ पुन्हा सुरू झाली ती २००६ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी! पाणवठा तोडणे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यावर अधिक भाष्य नको.

या वस्तीतील स्त्रियांनी वाकळा शिवल्या. फळ्यांच्या घरांच्या भेगांतून वारा येई, म्हणून शिवल्या. नवऱ्याच्या शेतात झिजलेल्या विजारी, पोरींचे फाटके झगे, खताच्या आणि पिठाच्या पिशव्या हे त्यांचे कापड. आत शेतात उरलेला कापूस काठीने झोडपून भरायचा. वाकळ अगदीच निकामी झाली की ती धुमसत ठेवून डास हाकलायचे. चौकोनात चौकोन बसवत जाणारी एक रीत, तिला त्या 'हाउसटॉप' म्हणजे घराचे छप्पर म्हणतात. विटांच्या रचनेसारखी दुसरी. आणि ठरलेली कोणतीच रीत न पाळता शिवलेली ती 'माझ्या पद्धतीची'.

यातील कामाच्या कपड्यांच्या वाकळा मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. छायाचित्रांतच पाहिल्या आहेत, तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. डेनिमची विजार उन्हात विटून फिकी झालेली असते, पण खिसा उसवून काढला की त्याच्याखालचे कापड गडद निळे राहिलेले दिसते. गुडघ्याला कापड पांढुरके असते. मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची वाकळ शिवली. त्याची आठवण म्हणून आणि प्रेमाने पांघरायला ती शिवली, असे त्यांच्या मुलीने, अर्लोंझिया पेटवे यांनी, पुढे सांगितले. त्या वाकळीत रंग कोठून आला? घाम, ऊन आणि धुणे यांतून आला. पण कोणता पट्टा कोणाशेजारी ठेवायचा, फिका तुकडा कडेला न्यायचा की मध्ये घ्यायचा, हे घामाने ठरवलेले नाही. ते मिझूरीबाईंनी ठरवले आहे. माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे.

विल्यम आर्नेट नावाच्या संग्राहकाने १९९८ च्या सुमारास या वाकळा गोळा करण्यास आरंभ केला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर टांगल्या गेल्या. समीक्षक थक्क झाले. मातीस, क्ले यांसारख्या युरोपीय चित्रकारांची नावे घेऊन त्यांनी या वाकळांची स्तुती केली. २००६ मध्ये टपाल तिकिटे निघाली. ही स्तुती खोटी नव्हती. वाकळा खरोखरच असामान्य आहेत. मात्र स्तुतीची भाषा तपासली पाहिजे. अशिक्षित, एकाकी खेड्यातील बायकांनी नकळत आधुनिक चित्रकला कशी निर्माण केली, असे आश्चर्य त्या भाषेत आहे. 'नकळत' हा शब्द कोठून आला? ज्याला कळते तो चित्रकार, आणि जिला कळत नाही ती चमत्कार! माणसाने केलेल्या कामाला चमत्कार म्हटले की ते काम त्याच्या हातातून काढून घेता येते.

याच्या उलट दुसरी भाषा आहे. वाकळ म्हणजे दारिद्र्याचा पुरावा, गुलामगिरीच्या इतिहासाचे साधन. तीही अपुरी आहे. या दोन्ही भाषा दलित वाचकाला ओळखीच्या वाटतील. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, आणि दलित आत्मकथने वाचताना मराठी समीक्षेने नेमके हेच केले. एका बाजूने ती 'समाजशास्त्रीय दस्तऐवज' ठरवली, म्हणजे माहिती घ्या, कलेचे बोलू नका. दुसऱ्या बाजूने 'अनुभवाचा उत्स्फूर्त स्फोट' म्हणून डोक्यावर घेतली, म्हणजे लिहिणाऱ्याने काही रचलेच नाही, ते आपोआप बाहेर पडले. दोन्ही मतांत एकच गोष्ट गाळलेली आहे. करणाऱ्याने घेतलेला निर्णय. कोणता प्रसंग आधी, कोणता मागे, कोठे थांबायचे, काय सांगायचेच नाही, हे दया पवारांनी ठरवले, बेबीताई कांबळे यांनी ठरवले. हाताशी चिंध्याच होत्या हे खरे. म्हणून त्यांची मांडणीही चिंध्यांनीच केली असे होत नाही.

आता तिसऱ्या भाषेविषयी. ती आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि मला तिचाच जास्त राग आहे. ती मायेची भाषा. मराठी ललित लेखनात गोधडी आली की 'ऊब' येते, 'माया' येते, आजीचे सुरकुतलेले हात येतात. जीज बेंडच्या लोरेटा पेटवे यांच्या वाकळा जाणकारांना फार श्रेष्ठ वाटतात. या बाईंनी स्पष्ट सांगितले आहे की मला शिवण आवडत नव्हते. कामाचा डोंगर होता, मदतीला कोणी नव्हते आणि पोरे थंडीने कुडकुडत होती, म्हणून शिवले. हे कबूल करायला आपली समीक्षा तयार आहे काय? न आवडणाऱ्या कामातही श्रेष्ठ निर्मिती होऊ शकते, आणि ती श्रेष्ठ आहे म्हणून ते कष्ट गोड ठरत नाहीत, या दोन गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत. मी आईला माझ्या आजीविषयी विचारले होते, तिला वाकळ शिवायची आवड होती का? आई म्हणाली, "आवड कशाची? थंडी व्हती."

या ठिकाणी अॅलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' (१९७३) ही कथा घेतली पाहिजे. ती माझ्या वर्गात शिकवावी लागते. खेड्यातील आई, भाजल्याचे व्रण अंगावर वागवणारी बुजरी धाकटी मॅगी आणि शिकून शहरात गेलेली थोरली डी. डी नवे आफ्रिकी नाव घेऊन, कॅमेरा घेऊन घरी येते. आजीच्या वाकळा भिंतीवर टांगण्यासाठी मागते. कॉलेजला जाताना आईने तिला वाकळ देऊ केली होती तेव्हा तिने ती जुनाट म्हणून नाकारली होती. मॅगी त्या रोज पांघरून फाडून टाकील, असे डी म्हणते. शेवटी आई त्या वाकळा हिसकावून मॅगीच्या मांडीवर टाकते. परीक्षेच्या उत्तरात लिहायचे ते असे: डी वरवरची, मॅगी खरी वारसदार. तीन वर्षे मीही तेच लिहून दिले.

पण वर्गात बसलेल्या मुली कोण आहेत? घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आहेत. आणि त्यांना मी सांगते आहे की शिकून परत येणारी ती खोटी आणि घरी राहिलेली ती खरी! ज्या समाजाला शिक्षण हेच एक हत्यार मिळाले त्या समाजाच्या मुलींना हे वाचन विषासारखे आहे. कथा नीट वाचली तर तसे म्हणतही नाही. डीला शाळेत पाठवायला आईने आणि चर्चने पैसे जमवले होते, हे आईच सांगते. डीचा दोष शिकण्यात नाही, भिंतीतही नाही. वाकळ शिवता मॅगीला येते, डीला येत नाही, आणि आपल्याला येत नाही ही गोष्ट डीला खटकतही नाही. तिला वस्तू हवी आहे, रीत नको आहे. मात्र कथेवर माझा एक आक्षेप आहे. मॅगीला काय हवे हे कथा फारसे विचारत नाही. वाकळ जाऊ दे, मला आजी तशीही आठवते, असे म्हणून ती हक्क सोडते तेव्हा तो तिचा मोठेपणा आहे की सवय?

हे सगळे मी तटस्थपणे लिहीत नाही, कारण डीचे काम मी स्वतः केले आहे. कॉलेजात महिला दिनाचे प्रदर्शन होते. मी गावाहून आजीची वाकळ आणली आणि भिंतीला लावली. खाली कोणीतरी चिठ्ठी चिकटवली: 'ग्रामीण लोककला. आजीच्या मायेची ऊब.' मी ती वाचली आणि राहू दिली. आई पाहायला आली. बराच वेळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "भिंतीला का टांगली? खाली वल्ल हाय का?"

त्या वाकळीचे कापड कोठले? वरचे आजीचे लुगडे, आत आजोबांचे धोतर, एका कोपऱ्यात वडिलांची शाळेची खाकी चड्डी. चड्डीच्या खिशाची जागा अजून गडद आहे. आणि त्यात जे नाही तेही सांगितले पाहिजे. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. आमच्या गावी मढ्यावरचे कापड महाराकडे येत असे आणि त्याची वाकळ होत असे. १९५६ नंतर आजीने ते घरात येऊ दिले नाही. थंडी तितकीच होती, कापड कमी झाले. म्हणून ही वाकळ पातळ आहे. ती पातळ का आहे हे 'मायेची ऊब' या शब्दांत कोठे बसते? तो पातळपणा हाही एक निर्णय आहे, आणि मला तरी तो तिच्यातील सर्वांत मोठा वाटतो.

शेवटी दामाचा प्रश्न. तो सौंदर्यशास्त्राबाहेरचा मानला जातो. दलित समीक्षेने तसा मानू नये. १९६६ मध्ये जीज बेंड आणि शेजारच्या वस्तीतील स्त्रियांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. मताचा हक्क मागितला म्हणून ज्यांना घराबाहेर काढले गेले होते, अशा काही कुटुंबांना संस्थेने आपल्या जमिनीतले तुकडे विकले. १९७२ मध्ये सिअर्स कंपनीच्या उशांच्या कॉर्डरॉय खोळी शिवण्याचे काम मिळाले. दुकानाला सगळे नग एकसारखे लागत. 'माझ्या पद्धतीला' तेथे वाव नव्हता. पण उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांच्या वाकळा आपल्या मनासारख्या शिवल्या. संस्था २०१२ मध्ये बंद झाली. संग्रहालयांतील कीर्तीनंतरही प्रश्न मिटला नाही. २००७ मध्ये लोरेटा पेटवे यांच्यासह तीन स्त्रिया मोबदला आणि हक्क यांसाठी आर्नेट कुटुंबाविरुद्ध न्यायालयात गेल्या; पुढच्या वर्षी तडजोड झाली. 'माया' करणाऱ्या बायका कोर्टात जातात तेव्हा रसिकांची पंचाईत होते. व्हायलाच हवी.

याच्या शतकभर आधी जॉर्जियात हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) ही गुलामीत जन्मलेली स्त्री होऊन गेली. बायबलमधील प्रसंगांची तिची वाकळ १८८६ मध्ये अथेन्सच्या कापूस जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या गोऱ्या कलाशिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. चारपाच वर्षांनी तंगी आली. त्यांनी दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देताना त्यांनी प्रत्येक चौकोनाचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो लिहून घेतला. नंतर पॉवर्स आपली वाकळ पाहायला अनेकदा त्या घरी जात. ती वाकळ आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. वॉकर यांनी आपल्या १९७४ च्या निबंधात याच संस्थेतील एका वाकळीविषयी लिहिले, तेव्हा तिच्यावर करणारीचे नाव नव्हते, कोणी अनामिक काळी स्त्री एवढीच नोंद होती.

प्रदर्शनातली चिठ्ठी मी दुसऱ्या दिवशी काढली. नवी लिहायला आईला शेजारी बसवले. कोणता तुकडा कोणाचा, कोणत्या सालचा, हे ती बोट ठेवून सांगत गेली आणि मी लिहीत गेले. सर्वांत वर आजीचे पूर्ण नाव घातले. मधल्या एका लाल तुकड्यापाशी ती थांबली. तो कोणाचा, तिला आठवेना. तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.