फुलराणीला विचारलं कुणी?

मंजुळेचं ते प्रसिद्ध स्वगत झाल्याशिवाय आपल्याकडची एकही एकपात्री स्पर्धा पार पडत नाही. पुलंनी ‘ती फुलराणी’ बेतलं शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून. एक भाषातज्ज्ञ पैजेपायी फुलं विकणाऱ्या मुलीची भाषा बदलायला घेतो. पुढे त्या मुलीचं काय होणार, हा प्रश्न घरातल्या बायकांना पडतो, त्याला नाही. याच नाटकाचं नाव घेऊन १९६८ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक निघालं: ‘पिग्मॅलियन इन द क्लासरूम’. लेखक दोन. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि साऊथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन. शिक्षकी पेशातल्या वाचकांना हे पुस्तक ऐकून तरी माहीत असेलच. मी मात्र ते पालकाच्या नजरेनं वाचायला घेतलं.

पुस्तकातली ‘ओक स्कूल’ ही कॅलिफोर्नियातली सार्वजनिक प्राथमिक शाळा. नाव अर्थातच बदललेलं. जवळजवळ सहावा हिस्सा मुलं मेक्सिकन वंशाची, त्यातल्या कित्येकांच्या घरी स्पॅनिश. १९६४ च्या वसंतात मुलांची एक चाचणी झाली. ही हार्वर्डची नवी चाचणी असून येत्या वर्षात कोणती मुलं एकदम फुलतील ते तिच्यावरून कळतं, असं शिक्षकांना सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ती नेहमीची बुद्धिमापन चाचणी होती, आणि ‘फुलणाऱ्या’ मुलांची नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढली होती. वर्षानंतर पाहिलं तर पहिलीतल्या ‘फुलणाऱ्या’ मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला होता, बाकीच्यांचा १२ नं. तिसरीपासून पुढे मात्र फरक जवळजवळ नाहीसा होतो. आकड्यांवर लगेच टीका झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी त्याच वर्षी दाखवलं की एका वर्गाच्या तर्कशक्तीची सुरुवातीची सरासरी ३१ भरत होती! रोज शाळेत येऊन शिकणाऱ्या मुलांचा असा आकडा येत असेल तर चूक मुलांची नव्हे, मोजपट्टीची.

पण आकड्यांचा वाद विद्वानांनी पुष्कळ घातला आहे. मी अडखळले ती दुसऱ्या एका भागापाशी. मेक्सिकन मुलांचे फोटो शाळेबाहेरच्या शिक्षकांना दाखवून ‘हे मूल किती मेक्सिकन दिसतं’ याचे गुण घेतले गेले. जास्त ‘मेक्सिकन’ दिसणाऱ्या मुलग्यांना शिक्षकांच्या अपेक्षेचा जास्त फायदा झाला, असा निष्कर्ष निघाला. हेतू वाईट नव्हता. पूर्वग्रह कुठे चावतो तेच लेखकांना पाहायचं होतं. तरीही आपल्या सहा वर्षांच्या मुलाचा फोटो असा टेबलावर मांडला गेला, हे त्याच्या आईला कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं, याची चर्चा पुस्तकात मला सापडली नाही.

लेखकांनी एक पथ्य पाळलं, ते मान्य करायला हवं. कुणाविषयीही वाईट अपेक्षा त्यांनी पेरली नाही, फक्त चांगली पेरली. पण यादीत नाव नसलेल्या २५५ मुलांचं काय? दिवस तितकाच, शिक्षिका एक, तिचं लक्ष कुणाकडे तरी जास्त जाणार म्हणजे कुणाकडे तरी कमी जाणार. शिवाय पुस्तकातच नोंद आहे की मागच्या वर्गवारीतलं एखादं मूल कुणी अपेक्षा न करता पुढे गेलं, तर शिक्षकांना ते उलट नावडतंच वाटलं. माझ्या मते साऱ्या पुस्तकातला हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुःखद शोध.

आधी सांगितलं असतं तर प्रयोगच झाला नसता, हे खरं. म्हणून न सांगणं रास्त ठरतं का? त्याच राज्यात मुलांवर बसलेल्या शिक्क्याचा दुसरा अर्थ काही वर्षांतच दिसला. ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ हा १९७० चा खटला माँटरे परगण्यातल्या नऊ मुलांचा. घरी स्पॅनिश, चाचणी इंग्रजीत, म्हणून रवानगी मतिमंदांच्या वर्गात. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर बहुतेक मुलं त्या रेषेच्या वर निघाली. पुढे मुलाला त्याच्या भाषेत तपासायचं, अशी तडजोड झाली.

आज नियम आहेत. १९८३ पासून संघराज्याच्या नियमांत पालकांची परवानगी आणि समजण्याजोग्या वयाच्या मुलाचा होकार, दोन्ही आले. पण शाळेतल्या नेहमीच्या अध्यापनावरच्या संशोधनाला त्यातून बरीचशी सूट आहे, आणि दप्तरातून आलेला कागद आपण स्वयंपाक करता करता सही करून परत धाडतो. दुसरीकडे, शाळाप्रवेशाच्या अर्जावर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असा प्रश्न असतो. तिथे कित्येक मराठी घरं ‘इंग्रजी’ लिहून मोकळी होतात, मूल उगीच वेगळ्या वर्गात जाईल या धास्तीनं. डायनाची हकिगत वाचल्यावर त्या धास्तीला मी हसणार नाही. पण कागदावरून मराठी खोडण्यापेक्षा विचारावं: चाचणी कोणत्या भाषेत? आवाजाची टेप किती वर्षं ठेवणार? निष्कर्ष आम्हाला सांगणार का?

दुसरी वाट नव्हती असं नाही. शर्ली ब्राइस हीथ यांचं १९८३ चं ‘वेज विथ वर्ड्स’ त्यासाठी वाचावं. कॅरोलिनातल्या दोन वस्त्यांत त्या १९६९ ते १९७८ येत-जात राहिल्या. मुलं घरी कशी बोलतात ते त्यांनी शिक्षकांना सोबत घेऊन समजून घेतलं आणि ते वर्गात वापरलंही. गावांची नावं त्यांनीही बदलली, पण शिक्षकांना अंधारात ठेवलं नाही.

आणि आपली रविवारची मराठी शाळा? परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या मराठीचा अभ्यास करायला उद्या एखादी विद्यार्थिनी रेकॉर्डर घेऊन आली, तर ती आपल्यातलीच, कुणाची तरी भाची. तिच्याकडे कागद कोण मागणार? आपण कौतुकानं मुलांना पुढे करू, “काकूंना गोष्ट सांग बघू” म्हणू. सहा वर्षांच्या मुलाला शास्त्रज्ञाला नाही म्हणता येईल एखादे वेळी, काकूला कसं म्हणता येईल? म्हणून तिथे विचारायचं काम तिऱ्हाइतानं करावं, आईनं नाही, शिक्षिकेनंही नाही. आणि मूल खुर्चीवरून उतरून खेळायला पळालं, की तेच त्याचं उत्तर समजून रेकॉर्डर बंद करावा.