गाऱ्हाण्याचा पत्ता : दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका, स्थानिक बातमी आणि नागर जीवन

सारांश : सामान्य नागरिकाची लहानसहान गाऱ्हाणी समाजापुढे मांडण्याचे काम दूरचित्रवाणीवर दोन प्रकारांनी होत आले आहे. एक, स्थानिक बातमी आणि दुसरा, विनोदी मालिका. 'चिमणराव' ते 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या काळातील निवडक कार्यक्रमांच्या आधारे या दोहोंच्या बदलत्या नात्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजशब्द : विनोदी मालिका, स्थानिक बातमी, प्रहसन, मध्यमवर्ग, नागर जीवन.

प्रास्ताविक

कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. गाऱ्हाणे घालणारा प्रथम देवाला हाक मारतो, गावाचा उल्लेख करतो, आपण कोणाच्या वतीने उभे आहोत हे सांगतो आणि त्यानंतरच मागणे मांडतो. भोवती जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. या रीतीत सांगणारा आणि ऐकणारा यांच्याइतकेच ठिकाणालाही महत्त्व असते. ठिकाण सांगितल्याखेरीज गाऱ्हाणे पुरे होत नाही.

आधुनिक नागर जीवनात माणसाच्या तक्रारी बहुधा लहान असतात. नळाला पाणी येत नाही, उद्वाहक बंद पडलेला आहे, निवृत्तिवेतनाचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत नाही. या तक्रारींसाठी देव नाही आणि न्यायालयात जावे इतक्या त्या मोठ्याही नाहीत. त्या ऐकल्या जाव्यात अशा जागा फार थोड्या उरतात. स्थानिक बातमी ही त्यांपैकी एक जागा आणि विनोद ही दुसरी. या दोन जागांचे काय झाले, हा येथील प्रश्न आहे.

शेजारधर्माचा काळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील दोन दशके मराठी घरातील संध्याकाळ या एकाच वाहिनीने बांधलेली होती. प्रदीप भिडे किंवा अनंत भावे यांच्या संयत आवाजातील बातम्या आणि 'गजरा'सारखा रंजनाचा कार्यक्रम एकाच पडद्यावर, एकाच प्रेक्षकासमोर येत. बातमी आणि विनोद यांच्यात शेजारधर्म होता, असे म्हणता येईल.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस याच केंद्रावरून चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित 'चिमणराव' ही मालिका प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी या कथांना नवे आयुष्य दिले. मूळ कथांतील काळ मागे पडला होता. तरीही प्रेक्षकाला त्या परक्या वाटल्या नाहीत. याचे कारण त्यांतील कारकुनी संसाराचा पत्ता प्रेक्षकाच्या ओळखीचा होता.

१९८८ साली राष्ट्रीय वाहिनीवर आलेली 'वागळे की दुनिया' या संदर्भात अधिक बोलकी आहे. कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनाखालील या मालिकेचा आधार आर. के. लक्ष्मण यांनी निर्माण केलेली पात्रे हा होता. लक्ष्मण यांचे छोटे व्यंगचित्र १९५१पासून वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर, म्हणजे प्रत्यक्ष बातमीला लागून, छापले जात असे. त्या चित्रातील सामान्य माणूस कधीच बोलत नाही. तो केवळ पाहतो. अंजन श्रीवास्तव यांनी साकारलेला वागळे मात्र बोलतो. बायकोशी बोलतो, शेजाऱ्याशी बोलतो आणि जेथे बोलावयास हवे तेथे नेमका अडखळतो. आपल्याला काय मिळावयास हवे हे त्याला पक्के ठाऊक आहे. ते मागण्याचे धैर्य तेवढे नाही. मालिकेतील हसू या अडखळण्यातून येते. प्रेक्षक वागळेला हसतो तेव्हा तो स्वतःचेच मुके राहिलेले वाक्य ऐकत असतो.

घडलेले आणि घडत राहिलेले

येथे बातमी आणि विनोद यांच्या कार्यातील एक मूलभूत भेद लक्षात घ्यावयास हवा. बातमीला काहीतरी घडावे लागते. पूल कोसळला, आग लागली, कोणी राजीनामा दिला, की बातमी होते. जे रोजच घडते त्याची बातमी होत नाही. एका वस्तीत दररोज पहाटे चार वाजता पाणी येते, ही त्या वस्तीतील बायकांच्या आयुष्याला व्यापून टाकणारी वस्तुस्थिती आहे. परंतु तीत 'आज'चे असे काही नाही. विनोदी मालिकेचे सामर्थ्य नेमके येथे आहे. आठवड्यामागून आठवडा तीच माणसे, तेच घर आणि तीच अडचण घेऊन ती येते. पुनरावृत्ती हा बातमीचा दोष ठरतो, तर विनोदाचा तो प्राण असतो. म्हणूनच घडत राहिलेल्या गोष्टींची नोंद विनोदी मालिका ठेवू शकते.

२००१ साली सब टीव्हीवर सुरू झालेली 'ऑफिस ऑफिस' ही मालिका याचे उत्तम उदाहरण होय. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात नव्या कार्यालयात जातो आणि तेथे त्याला तेच कर्मचारी भेटतात. कार्यालय बदलते, फलक बदलतो, चेहरे मात्र बदलत नाहीत. ही केवळ नटसंच मर्यादित ठेवण्याची सोय नव्हती. मालिकेचा आशयच या योजनेत सामावलेला होता. नागरिकाच्या दृष्टीने सर्व कार्यालये एकच आहेत, हे विधान कोणताही संवाद न लिहिता केले गेले. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. त्यापूर्वी सुरू झालेल्या या मालिकेतील नागरिकाजवळ चिकाटीखेरीज दुसरे हत्यार नाही. त्या अर्थाने 'ऑफिस ऑफिस' हा एका काळाचा दस्तऐवज ठरतो. तथापि तिची मर्यादाही नोंदवावयास हवी. मुसद्दीलालचे कार्यालय कोठेही असू शकते. व्यवस्थेचे चित्र जितके सर्वसाधारण होते, तितका गाऱ्हाण्याचा पत्ता पुसट होतो.

त्याच सुमारास अल्फा टीव्ही मराठीवर केदार शिंदे दिग्दर्शित 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वर ती आधारलेली होती. दैनंदिनी म्हणजे स्वतःलाच सांगितलेले गाऱ्हाणे. टिपऱ्यांच्या घरात आबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्या आहेत. घरातील प्रत्येकाचे काहीतरी खुपते आणि त्यावर तोडगा निघतो तो बहुधा कोणीतरी ऐकून घेते म्हणून. मालिकेचा गोडवा निर्विवाद आहे. परंतु कार्यालय, नगरपालिका व रस्ता येथे उंबऱ्याबाहेर राहतात. नव्या शतकाच्या आरंभी मराठी मध्यमवर्गीय विनोद घरात वळला, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

२८ जुलै २००८ रोजी सुरू झालेल्या आणि दीड दशकाहून अधिक काळ चाललेल्या 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये हा उंबरा सोसायटीच्या फाटकापर्यंत सरकला. तारक मेहता यांचे मूळ गुजराती सदर १९७१पासून 'चित्रलेखा' साप्ताहिकात येत असे. मालिकेतील गोकुळधाम सोसायटीत भिडे मास्तर चिटणीस आहेत आणि पोपटलाल नावाचा पत्रकारही राहतो. वृत्तपत्रातून दुनिया हलवून टाकण्याची धमकी तो उठल्यासुटल्या देतो. प्रेक्षकाला मात्र त्याची बातमी आठवत नाही, त्याचे न जमणारे लग्न आठवते. पत्रकार विनोदाचा विषय झाला आणि पत्रकारिता त्याच्या छत्रीसारखी ओळखीची खूण बनून राहिली. स्थानिक बातमीवरील लोकांचा विश्वास कोठवर आला होता, याचे हे अजाणता दिलेले निदर्शन मानावे लागेल.

बातमीचे नाट्यीकरण

मराठीत २००७ साली 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा' (२०१२पासून 'एबीपी माझा') व २००८ साली 'आयबीएन लोकमत' या पूर्णवेळ वृत्तवाहिन्या आल्या. बातमीला आता चोवीस तास मिळाले होते. तेव्हा गल्लीबोळातील गाऱ्हाण्यालाही जागा मिळेल, अशी अपेक्षा अस्वाभाविक नव्हती. ती पुरी न होण्यामागे वाहिनीचे अर्थकारण आहे. वाहिनीची जाहिरात संपूर्ण राज्यासाठी विकली जाते. सांगलीच्या एका प्रभागातील गटाराची बातमी नागपूरच्या प्रेक्षकाला धरून ठेवत नाही. राजकीय वादावादी मात्र दोन्हीकडे सारखीच पाहिली जाते. शिवाय जिल्ह्यात वार्ताहर पाठविण्यापेक्षा स्टुडिओत चार प्रवक्ते बसविणे स्वस्त पडते. परिणामी स्थानिक घटना पडद्यावर येते ती तिला नाट्य असेल तेव्हाच. वस्तीत शिरलेला बिबट्या, कोसळलेली इमारत, खड्ड्याने घेतलेला बळी यांना स्थान मिळते. खड्डा तसाच पडून असेपर्यंत त्याला मिळत नाही.

याच काळात बातमीने रंगभूमीची साधने उचलली. पार्श्वसंगीत आले, चढा स्वर आला, पात्रांची आमनेसामने मांडणी आली. काही मिनिटांत शंभर बातम्या सांगणारी वार्तापत्रे आली. त्यांत गावाचे नाव उच्चारले जाते, परंतु ते ऐकून मनात ठरण्याआधीच पुढचे गाव येते. ठिकाण सांगितले जाते आणि तरीही पत्ता लागत नाही, अशी ही विचित्र अवस्था होय.

प्रहसनाचा मंच

बातमी नाट्याकडे सरकत असताना विनोदाने मालिकेचे घर सोडून प्रहसनाच्या मंचाकडे वाटचाल केली. 'फू बाई फू'नंतर २०१४ साली झी मराठीवर आलेल्या 'चला हवा येऊ द्या'ने हा प्रकार महाराष्ट्राच्या घराघरांत नेला. नव्या चित्रपटाचे कलावंत पाहुणे म्हणून येत आणि त्यांच्यासमोर प्रहसने सादर होत. त्यामुळे विनोदाचा विषय पुष्कळदा चित्रपटसृष्टी हाच राहिला. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांच्या अंगच्या गुणांविषयी शंका नाही. शंका आहे ती मंचावरील विनोदाला मंचाबाहेरचे जग किती दिसत होते याविषयी.

या कार्यक्रमातील एक गोष्ट मात्र विशेष विचार करण्याजोगी आहे. सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात येऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचून दाखवीत. या पत्रांतून शेतकऱ्याचे, म्हाताऱ्या आईबापांचे दुःख मांडले जाई. हास्यकल्लोळ थांबे आणि समोरचे पाहुणे डोळे पुसत. पत्र हा गाऱ्हाण्याचा जुना आकार. त्याला पत्ता असतोच. लोकांना ही पत्रे मनापासून भावली, याचा अर्थ गाऱ्हाण्याची भूक शिल्लक होती. परंतु त्यासाठी विनोद बाजूला ठेवावा लागला, ही त्यातील खिन्न करणारी बाब आहे. वागळेच्या काळी हसू आणि गाऱ्हाणे एकाच वाक्यात नांदत होते. येथे आधी हसावयाचे आणि मग रडावयाचे, अशी वाटणी झाली.

२०१८ साली सोनी मराठीवर सुरू झालेली, सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या वाटणीला काही अंशी उत्तर देते. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर आदी कलावंतांची प्रहसने बऱ्याच वेळा चाळ, सोसायटी, लहान दुकान यांच्या परिसरात घडतात. गौरव मोरे यांनी स्वतःची ओळख 'फिल्टरपाड्याचा बच्चन' अशी करून दिली आणि पवईच्या परिसरातील एका श्रमिक वस्तीचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. अशा वस्तीचे नाव एरवी पडद्यावर येते ते दुर्घटनेच्या निमित्ताने. येथे ते अभिमानाने आले, हे या कार्यक्रमाचे मोठेच श्रेय आहे. मात्र पत्ता आला म्हणून गाऱ्हाणेही आले, असे म्हणता येत नाही. प्रहसनात दारिद्र्याचा उपयोग अनेकदा पात्राच्या दिसण्यावरील कोटीसाठी होतो. त्या दारिद्र्याचे कारण विचारले जात नाही. समोर बसलेल्या परीक्षकांचे हसू पडद्यावर सतत दाखविल्याने प्रेक्षकाला थबकून विचार करण्याची उसंतही उरत नाही.

एक आक्षेप

वरील विवेचन गतकाळाच्या ओढीतून केले आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्यात तथ्य आहे. 'चिमणराव', 'वागळे' आणि 'टिपरे' यांचे जग प्रामुख्याने पांढरपेशांचे होते. गिरणगावातील कामगार, दलित वस्ती, ग्रामीण शेतमजूर स्त्री यांची गाऱ्हाणी त्या संयत विनोदात क्वचितच आली. एकाच वाहिनीचा काळ हा शासनाच्या ताब्यातील बातमीचाही काळ होता. तेव्हा त्या काळाकडे परत जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. २०२१ साली वागळे कुटुंबाच्या पुढच्या पिढीची मालिका आली, तीत अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर पुन्हा दिसले. परंतु जुन्या वागळेचे अडखळणे जाऊन त्या जागी भागाच्या शेवटी मिळणारे तात्पर्य आले. पात्रे परत आणता येतात. त्यांच्या हसण्यामागील संकोच परत आणता येत नाही.

समारोप

जुन्या मालिकांजवळ गाऱ्हाणे होते, पण त्यांचा पत्ता एकाच वर्गाचा होता. नव्या प्रहसनांजवळ अनेक पत्ते आले आहेत, पण गाऱ्हाणे मागे राहिले आहे. आणि बातमीला चोवीस तास मिळूनही ती या दोहोंपासून दूर गेली आहे. यात नुकसान कोणाचे, याचे उत्तर सरळ आहे. ज्याची तक्रार बातमी होण्याइतकी मोठी नाही आणि सोडून देण्याइतकी लहानही नाही, अशा माणसाचे.

फिल्टरपाड्याचे नाव घेताच महाराष्ट्र हसतो, ही सुरुवात चांगली आहे. त्या नावापाठोपाठ तेथील पाणी, रस्ता, शाळा यांविषयीचे वाक्य त्याच विनोदी ढंगात उच्चारले जाईल आणि प्रेक्षक हसता हसता त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणेल, तेव्हा मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाने आपले जुने काम नव्या वस्तीत सुरू केले, असे म्हणता येईल.