‘गणशत्रू’ : नमुने किती घेतले?

विज्ञानाच्या तासाला पडद्यावर काही दाखवायचे म्हटले की आपण बहुधा माहितीपट निवडतो. ज्वालामुखी, ग्रहमाला, पेशीविभाजन. मुले शांतपणे पाहतात आणि घंटा होते. कथाचित्रपटाकडे वळायला आपण बिचकतो. वळलोच, तर शेवटी ‘यातून काय बोध घ्याल?’ असा प्रश्न फळ्यावर लिहून मोकळे होतो. मीही तेच केले. वर्ग नववीचा, चित्रपट सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ (१९८९).

मूळ नाटक हेन्रिक इब्सेन यांचे, १८८२ सालचे. त्यात एका नॉर्वेजियन गावातील आरोग्य-स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे तिथल्या डॉक्टरला कळते. राय यांनी स्नानगृहांच्या जागी देऊळ आणले. बंगालमधील चंडीपूर गावात काविळीचे रोगी वाढू लागतात. डॉ. अशोक गुप्ता (सौमित्र चटर्जी) पाणी कलकत्त्याला तपासायला पाठवतात. देवळाच्या भागातील पाणी दूषित ठरते, आणि भाविकांना चरणामृत म्हणून मिळते ते हेच. देऊळ काही काळ बंद ठेवून नळ दुरुस्त करावेत, असे डॉक्टरांचे म्हणणे. पण देवळावर गावाचे उत्पन्न चालते. नगरपालिकेचा प्रमुख असलेला डॉक्टरांचा सख्खा भाऊच विरोधात जातो, लेख छापायला निघालेले वृत्तपत्र माघार घेते आणि भर सभेत डॉक्टरांना लोकांचा शत्रू ठरवले जाते.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एकच उत्तर होते : अंधश्रद्धा बाळगू नये, विज्ञानावर विश्वास ठेवावा. उत्तराला गुण द्यायला हरकत नव्हती, पण ‘विश्वास’ हा शब्द मला बोचला. चरणामृतावर विश्वास ठेवू नका, डॉक्टरांवर ठेवा, एवढाच फरक मुलांच्या हाती लागला असेल, तर शंभर मिनिटे कशात गेली? तेव्हा वह्या बाजूला ठेवल्या आणि विचारले, “बोध राहू दे. खटकलं काय ते सांगा.”

एका मुलीने विचारले, “बाई, डॉक्टरांनी नमुने किती घेतले?”

प्रश्न बिनतोड होता. चित्रपट एका अहवालावर उभा आहे आणि तो अहवाल आपण सारे मान्य करतो, कारण तो नायकाच्या हाती आहे आणि नायकाच्या चेहऱ्यावर सौमित्र चटर्जींचा सच्चेपणा आहे. देवळापासून दूरच्या नळाचे पाणी तपासले का? रोग्यांपैकी चरणामृत घेतलेले किती, न घेतलेले किती? लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी घरनिहाय मांडल्या. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्या दाटल्या होत्या. पण पंपाजवळच्या मद्यनिर्मिती कारखान्यातील कामगार वाचले होते, आणि त्या पंपाचे पाणी ते पीत नव्हते. पुरावा बळकट झाला तो या न आजारी पडलेल्या माणसांमुळे. ‘गणशत्रू’तील डॉक्टर अशी माणसे शोधत नाहीत.

अर्थात चंडीपुरात हे काम सोपे नव्हते, आणि हेही मुलांनीच काढले. वारीला जाऊन आलेल्या घरांतली मुले वर्गात होती. दूषित पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला काही आठवडे लागतात, हे सांगताच एकजण म्हणाला, “मग यात्रेकरू तर गावी जाऊन आजारी पडणार! डॉक्टरांना कळणार कसं?” चित्रपटात हा पेच आलाच नाही.

दुसरी शंका उपायाची. देऊळ बंद कशाला, पाण्यात क्लोरीन टाकला असता तर? इथे दिल्लीची गोष्ट सांगावी लागली. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचा प्रवाह बदलला आणि गटाराचे पाणी वझिराबादच्या जलकेंद्रात शिरले. क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली, विषमज्वराची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जीवाणू मेले, विषाणू उरला. त्या रोग्यांचे जपून ठेवलेले रक्तनमुने १९८० च्या सुमारास पुन्हा तपासले, तेव्हा ही नेहमीची ‘ए’ कावीळ नव्हती असे दिसले. आज तिला आपण हेपटायटिस ‘ई’ म्हणतो. म्हणजे ‘थोडा क्लोरीन टाका’ हे उत्तरही तपासूनच घ्यायला हवे.

चित्रपट म्हणून ‘गणशत्रू’ राय यांच्या उत्तम कामांत बसत नाही, असे माझे मत. हृदयविकारानंतर प्रकृतीमुळे त्यांना बाहेरचे चित्रीकरण टाळावे लागले आणि जवळजवळ सारे चित्रण चार भिंतींत झाले. माणसे येतात, बसतात, बोलतात. पहिल्या अर्ध्या तासात मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. त्यात संवाद बंगाली आणि पडद्यावरची अक्षरे इंग्रजी. दर पाच मिनिटांनी थांबवून मराठीत सांगावे लागले. सभेचा प्रसंग मात्र वर्गाने श्वास रोखून पाहिला. पाण्याविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला पाण्याविषयी एकही प्रश्न येत नाही. तुम्ही हिंदू आहात का, देवळात जाता का, हेच विचारले जाते. वाद मुद्द्यावरून माणसावर कसा घसरतो, हे शिकवायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही.

माझी फजिती झाली ती पुढे. ज्याच्या घरी गावच्या देवळाची पूजा आहे, असा एक मुलगा दोन्ही दिवस गप्प होता. शेवटी म्हणाला, “त्या गावात एकही पुजारी खरं बोलणारा नव्हता का?” वर्ग हसला. मी हसले नाही, पण उत्तरही सुचेना. देवळात सेवा करणारा कोणी पुढे येऊन ‘थांबा, तपासून पाहू’ म्हणतो, असा प्रसंग राय यांनी लिहिलेला नाही. चित्रपटाची ही उणीवच आहे. एका बाजूला सारा शहाणपणा, दुसऱ्या बाजूला सारा स्वार्थ. आणि त्या दुसऱ्या बाजूला ज्याचे घर येते, तो मुलगा आपल्या वर्गात बसलेला असतो.

शेवटावरून तर दोन तट पडले. इब्सेनचा डॉक्टर अखेरीस एकाकी उभा राहतो, आणि एकटा उभा राहणाराच सर्वांत बलवान, असे मानतो. राय यांच्या डॉक्टरला बाहेरून आपल्या नावाचा जयघोष ऐकू येतो. तरुण मंडळी त्याच्या बाजूने निघालेली असतात. बहुतेकांना हा शेवट आवडला. एकीने मात्र विचारले, “घोषणा झाल्या नसत्या तर पाणी स्वच्छ ठरलं असतं का?” इब्सेनचे नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दूरदर्शनवरील ‘टर्निंग पॉइंट’ ज्यांनी पाहिले असेल, त्यांना प्रा. यशपाल आठवतील. प्रेक्षकांनी पाठवलेले प्रश्न ते हाती घेत आणि त्यांच्याबरोबर विचार करत बसत. त्यात प्रश्न प्रेक्षकाचा असे. कथाचित्रपटात तो दिग्दर्शकाचा असतो, म्हणून मुलांचा प्रश्न बाहेर यायला आपल्याला वेगळी जागा ठेवावी लागते. चित्रपटाला तीन तास लागले, तर बोलण्यासाठी आणखी दोन ठेवावेत.

तुळस घातलेले पाणी दूषित होऊच शकत नाही, हा चित्रपटातील देवळाच्या बाजूचा दावा. तो तपासता येतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची चाचणी शाळेत जमण्याजोगी आहे. पट्टी असलेल्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवायचे. पाण्यात मैल्यातले जीवाणू असले, तर दिवसभरात ते काळे पडते. विषाणू तिला दिसत नाहीत, एवढे आधी सांगावे. एका बाटलीत नुसते पाणी, दुसरीत तेच पाणी तुळशीची पाने घालून, तिसरीत उकळून गार केलेले. आमच्या बाटल्यांचे काय झाले ते इथे लिहीत नाही. तुमच्या गावच्या पाण्यावर करून पाहा. बाटल्या मुलांना उघडू देऊ नका, आणि रिकाम्या करण्याआधी त्यांत ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास ठेवा.