परंड्याचा वेढा (१६३४) : युद्धखेळाच्या प्रसंगरचनेची चिकित्सा

प्रस्तावना :
धाकट्या राइसविट्झने रचलेला युद्धखेळ प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारला. तेव्हापासून पट, सोंगट्या आणि फासे ही युद्धाच्या अभ्यासाची साधने मानली जाऊ लागली. अशा खेळातील प्रत्येक नियम हे कार्यकारणभावाविषयीचे एक विधान असते. तोफेला अधिक गुण दिले, तर निर्णय तोफेने झाला असे रचनाकार सांगत असतो. म्हणून प्रसंगरचनेची चिकित्सा ही इतिहासलेखनाच्या चिकित्सेइतकीच आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील परंडा किल्ल्याच्या वेढ्याच्या आधारे हा विचार मांडला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद जिंकून निजामशाहीचा कणा मोडला. परंडा मात्र तत्पूर्वीच आदिलशाहीकडे गेला होता. तो घेण्यासाठी शहाजहानचा पुत्र शुजा आणि महाबतखान यांनी १६३४ मध्ये वेढा घातला. सुरुंग लावले गेले. परंतु किल्ला पडला नाही. मे महिन्यात मोगल सैन्य बुऱ्हाणपूरकडे परतले आणि त्याच वर्षी महाबतखान मरण पावला.

रूढ रचनेच्या मर्यादा :
वेढ्याचा खेळ रचताना पटावर खंदक, तटबंदी आणि बुरूज काढून दोन्ही बाजूंना मारकशक्तीचे आकडे देण्याची रीत आहे. परंड्याच्या बाबतीत ही रीत दोन ठिकाणी फसते. पहिली बाब तोफेची. परंडा म्हटले की मलिक-ए-मैदान आठवते. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ही तोफ परंड्यावर होती हे खरे. परंतु १६३२ मध्ये मुरारपंताने ती विजापूरला नेली. वेढ्याच्या प्रसंगात ती बुरुजावर दाखविणे म्हणजे कीर्तीला पुराव्याच्या जागी बसविणे होय.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशहानामा’नुसार छावणीच्या सभोवार दहा-बारा कोसांत गवत आणि सरपण उरले नव्हते. चाऱ्यासाठी गेलेल्या तुकड्यांवर आदिलशाही घोडदळ तुटून पडे. अशाच एका प्रसंगी संकटात सापडलेल्या महाबतखानास खानदौरानने सोडविले आणि पुढे त्याच उपकाराच्या उच्चारामुळे दोघांत वितुष्ट आले. त्यातच पावसाळा तोंडावर आला. म्हणजेच निर्णय तटाजवळ झाला नाही; तो गवताच्या शोधात झाला.

पर्यायी रचना :
यास्तव पटाचे एक घर एक कोसाचे धरावे आणि किल्ल्याभोवती चहूबाजूंना किमान बारा घरे असावीत. एक चाल एका आठवड्याची मानावी. प्रत्येक चालीत मोगल खेळाडूने घोडे व बैल यांच्यासाठी चारा आणावा. एकदा कापलेले घर रिकामे समजावे. महाबतखान व खानदौरान या सोंगट्या दोन स्वतंत्र खेळाडूंकडे द्याव्यात व त्यांचे यश वेगवेगळे मोजावे. पाऊस फाशावर सोपवू नये. तो येणार हे दोन्ही पक्षांस ठाऊक होते. आदिलशाही पक्षाला केवळ तोवर तग धरायचा होता.

साधनांचा एकांगीपणा :
मात्र या रचनेचा मुख्य आधार मोगल दरबारी बखरकार आहे. अपयशाचे खापर सरदारांच्या कलहावर फोडल्यास शहाजाद्याचा मान राखला जातो, हे ध्यानात घ्यावे लागते. म्हणून कलहाचा नियम पर्यायी ठेवावा. तो वगळून खेळल्यास केवळ चाऱ्याअभावी वेढा उठतो का, हे तपासता येईल.

याहून गंभीर उणीव रयतेची आहे. १६३०–३२ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून जेमतेम दोन वर्षे झाली होती. खेळात ‘रिकामे’ होणारे प्रत्येक घर हे कोणाच्या तरी गुरांचे वैरण होते. ते कापणाऱ्याला गुण मिळतात. गमावणाऱ्याची सोंगटीच पटावर नसते.

निष्कर्ष :
१) मध्ययुगीन वेढ्याच्या प्रसंगरचनेत मारकशक्तीपेक्षा रसद, ऋतू आणि नेतृत्वातील एकवाक्यता यांना अग्रक्रम द्यावा.
२) प्रत्येक नियमामागील साधनाचा पक्षपात तपासून मगच नियम ठरवावा.
३) उजाड झालेल्या गावांची नोंद स्वतंत्र तक्त्यात ठेवून ती निकालाबरोबर वाचली जावी. परंड्याचा वेढा कोणी जिंकला, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्याशिवाय अपुरेच राहील.