नैनसुख चितारी : संस्थान कीं घराणें?

पहाडी चित्रांचें वर्गीकरण संस्थानांवरून करण्याचा प्रघात संग्राहकांत जुना आहे; हें बसोहलीचें, तें गुलेरचें. ह्या प्रघाताची परीक्षा गुलेरच्या नैनसुखाच्या (सुमारें १७१०–१७७८) उदाहरणानें चांगली होते.

नैनसुखाचा बाप पंडित सेऊ, वडील बंधु मानकू. मानकूच्या गीतगोविंद-चित्रमालेच्या समाप्तिलेखांत मुनि, वसु, गिरि व सोम हे अंकशब्द आहेत. ‘अंकानां वामतो गतिः’ ह्या न्यायानें त्यांतून संवत् १७८७, म्हणजे इ. स. १७३० हें वर्ष निघतें. त्या चित्रांतील सपाट, भडक रंग व ठाशीव आकृति पाहून मग धाकट्या भावानें काढलेलीं जसरोट्याच्या बलवंतसिंहाचीं चित्रें पाहावीं. राजा दाढी नीट करवून घेतो आहे, छावणींत पत्र लिहितो आहे, शेकोटीपाशीं रजई लपेटून बसला आहे. रंग थोडा, मोकळी जागा पुष्कळ, आणि प्रत्येक चेहरा ज्याचा त्याचा. मोंगली कलमेचा परिचय येथें उघड आहे. परंतु दरबारी डौल मात्र चितारी घेत नाहीं.

१७६३ सालीं राजा वारला. त्याच्या अस्थि घेऊन हरिद्वारास गेलेल्या मंडळींत नैनसुख होता. तेथील पंड्याच्या वहींत त्यानें स्वहस्तें नोंद केली व शिव, पार्वती, भगीरथ आणि गंगा यांचें रेखाचित्र काढिलें. पुढें तो बसोहलीच्या अमृतपालाच्या पदरीं राहिला; तेथें राजाची दिनचर्या मागें पडून पौराणिक विषय पुढें आले.

संस्थानांचाच निकष धरिला तर ह्या एका पुरुषाचे तीन चितारी होतील! बलवंतसिंहास आरंभीं जम्मूचा समजत. तेव्हां त्याचीं चित्रेंही जम्मूचीं ठरलीं होतीं. कै. डॉ. बी. एन. गोस्वामी यांनीं १९६८ सालीं घराणें हाच शैलीचा पाया होय असें मांडलें, व त्यास तीर्थांतील वह्यांचा मोठा आधार मिळाला. तें आम्हांस मान्य आहे. मात्र घराण्यानें सर्वच उलगडा होत नाहीं. मानकू व नैनसुख एकाच घरांत, एकाच बापापाशीं शिकले, तरी त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. आश्रयदात्याचा स्वभाव व चिताऱ्याची स्वतःची दृष्टि हीं दोन कारणें घराण्याच्या जोडीस धरिलींच पाहिजेत.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, चौकटींत बसविण्यासाठीं चित्रांचे कांठ कापूं नयेत आणि पाठीवरील टाकरी अक्षरें कागद चिकटवून झांकूं नयेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही ह्याच दृष्टीनें पाहाव्या. आपल्याकडील चिताऱ्यांचीं नांवें तेथें निघण्याचा संभव आहे. आणि नांव मिळाल्यावांचून कोणाही कलावंताच्या वाढीचा इतिहास लिहितां येत नाहीं.